भिंतीवरचा इतिहास आणि फलाटावरचा

१/
माढ्याच्या फलाटावर पॅसेंजरची वाट पाहत बसले की वाचायला एकच मजकूर मिळतो. पिवळ्या फलकावर काळ्या अक्षरांत तीन भाषांमध्ये गावाचे नाव आणि त्याखाली समुद्रसपाटीपासूनची उंची. हे स्थानक ज्या मार्गावर आहे तो दीडशेहून अधिक वर्षे जुना आहे. त्याची कहाणी मात्र इथे कुठेही लिहिलेली नाही. एके दिवशी गाडीला उशीर झाला होता, तेव्हा मनात प्रश्न आला: या स्थानकाचा इतिहास इथेच, याच जागी सांगायचा झाला, तर तो कुठे लिहावा? भिंतीवर? की आणखी कुठे? आजचा धागा त्या प्रश्नाविषयी आहे.

२/
कलेच्या परिभाषेत यासाठी एक संज्ञा आहे, स्थलविशिष्ट कला. एखाद्या जागेसाठीच घडवलेली आणि त्या जागेवरून हलवली तर जिचा अर्थच हरवतो, अशी कलाकृती. संग्रहालयातले चित्र या दालनातून त्या दालनात नेता येते. पण ज्या दगडावर उभे राहून माणसांनी काही सोसले, त्याच दगडावर कोरलेली खूण दुसरीकडे नेऊन चालत नाही. रेल्वे स्थानकांना ही कला फार जवळची आहे, कारण स्थानक ही मुळातच एक ठरावीक जागा असते. गाड्या जातात, माणसे जातात, जागा तिथेच राहते.

३/
महाराष्ट्रात याचे सर्वांत मोठे उदाहरण आपण सर्वांनी पाहिले आहे, पण बहुधा मान वर करून नाही. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये काम सुरू झाले आणि १८८८ मध्ये पूर्ण झाले. मोर, माकडे, पाने, वेली यांचे नक्षीकाम मुंबईच्या कलाशाळेतील, म्हणजे आजच्या सर ज. जी. कला महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. २००४ मध्ये युनेस्कोने या इमारतीला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

४/
ही इमारत स्वतःच एक इतिहासकथन आहे. घुमटावर एका हातात मशाल आणि दुसऱ्या हाताखाली चाक असलेली स्त्रीमूर्ती, म्हणजे ‘प्रगती’. प्रवेशद्वाराच्या खांबांवर सिंह आणि वाघ, म्हणजे ब्रिटन आणि हिंदुस्थान. दर्शनी भिंतीवर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीशी संबंधित मान्यवरांचे चेहरे. त्यांत सर जमशेटजी जिजीभॉय आणि जगन्नाथ शंकरशेट हेही आहेत. घड्याळाखालच्या कोनाड्यात राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता, तो स्वातंत्र्यानंतर हटवला गेला. कोनाडा रिकामा राहिला. मला तर तो रिकामा कोनाडाही त्या कलाकृतीचाच भाग वाटतो.

५/
पण या भिंतीवर कोण नाही, हेही पाहायला हवे. भोर घाटातून रेल्वे नेण्यासाठी १८५६ ते १८६३ या काळात हजारो मजूर राबले. १८६१ साली एकाच वेळी सुमारे ४२,००० माणसे त्या कामावर होती, असे नोंदींवरून दिसते. सुरुंग, दरडी, पटकी आणि तापाने त्यांतली कितीतरी माणसे दगावली. त्यांच्या घामावर उभ्या राहिलेल्या कंपनीच्या मुख्यालयावर मोराला जागा मिळाली, माकडाला मिळाली. सुरुंगाला बत्ती देणाऱ्या माणसाला मिळाली नाही. कारण उघड आहे. भिंत ज्याची, इतिहास त्याचा.

६/
आता माढ्याकडे येऊ. पुण्याहून दिक्सळपर्यंत लोहमार्ग डिसेंबर १८५८ मध्ये पोहोचला. ऑक्टोबर १८५९ मध्ये तो दिक्सळहून बार्शी रोडपर्यंत आला, जानेवारी १८६० मध्ये मोहोळपर्यंत आणि जून १८६० मध्ये सोलापूरपर्यंत. बार्शी रोड म्हणजे आजचे कुर्डुवाडी. कुर्डुवाडी ते मोहोळ या टप्प्यात वडसिंगे लागते, मग माढा. म्हणजे आमच्या गावाजवळून आगगाडी धावू लागली ती १८६० च्या हिवाळ्यात.

७/
गंमत अशी की तेव्हा भोर घाट खुला झालाच नव्हता. तो मे १८६३ मध्ये झाला. त्याआधीची तीन वर्षे माढ्याच्या शिवारातून गाडी धावत होती, पण ती थेट मुंबईला जात नव्हती. खंडाळ्यापाशी उतरायचे, घाट पालखीतून, तट्टावरून किंवा पायी उतरायचा आणि खाली पुन्हा गाडी धरायची. आपण नकाशावर एक सलग रेघ पाहतो. ती रेघ सुरुवातीला तुटलेली होती आणि तुटलेला भाग माणसांच्या पायांनी जोडला होता. इतिहास जमिनीवर असतो, असे मला वाटू लागले ते हे वाचल्यावर.

८/
‘बार्शी रोड’ या नावाकडेही थोडे थांबून पाहा. अक्कलकोट रोड, डहाणू रोड, सातारा रोड अशी नावे आपण सहज उच्चारतो. स्थानकाच्या नावातला ‘रोड’ प्रवाशाला सांगत असे की तुमचे गाव इथे नाही, इथून रस्त्याने पुढे जायचे आहे. बार्शी सुमारे ३५ किलोमीटर दूर होती. तिथल्या बाजारपेठेतला कापूस बैलगाड्यांनी या स्थानकावर यायचा आणि मुंबईला जायचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि इकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. युद्ध संपले तसे भाव कोसळले आणि शेतकरी कर्जात बुडाला. रुळांनी आमचे शिवार जगाच्या बाजाराला जोडले होते. भावाची चढण आणि घसरण दोन्ही त्याच रुळांवरून आली.

९/
मग १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ पडला. मुंबई इलाख्यातल्या सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत सोलापूर होता. रेल्वे होती, धान्य येऊ शकत होते, आलेही. सरकारचा भरवसा असा की व्यापारी धान्य आणतील आणि माणसे विकत घेतील. पण ज्याचे पीक गेले, बैल गेले, मजुरी गेली, तो विकत कशाने घेणार? दुष्काळी कामांवर मजुरी तुटपुंजी होती, आणि ती आणखी घटवली तेव्हा हजारो मजुरांनी कामे सोडून निषेध केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. सोलापूर जिल्ह्यातला आष्टीचा तलाव याच दुष्काळी कामांतला, दौंड–मनमाड लोहमार्गही त्याच काळातला.

१०/
त्या वर्षांत या मार्गावरच्या फलाटांवर काय दिसत असेल? धान्याची पोती उतरत असतील आणि पोत्यांच्या पलीकडे ती विकत घेऊ न शकणारी माणसे उभी असतील. मधले अंतर चार पावलांचे असेल. अमर्त्य सेन यांनी पुढे शंभर वर्षांनी दुष्काळाचे अर्थशास्त्र मांडताना हेच दाखवून दिले की भूक नेहमी धान्याच्या अभावामुळे पडत नाही. धान्यावर हक्क नसल्यामुळेही पडते. ते चार पावलांचे अंतर कोणत्याही भिंतीवर रंगवता येणार नाही. ते फलाटावरच दाखवता येईल.

११/
मित्रहो, फलाटाची जमीन काय काय पाहते याचे सर्वांत बोचरे वर्णन सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्थानकाचे आहे. साल १९०१. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. थोरला भाऊ आणि बहिणीची मुले यांच्यासह ते वडिलांना भेटायला निघाले आणि संध्याकाळी मसूरला उतरले. न्यायला कोणी आले नव्हते. बाकीचे प्रवासी निघून गेले. नीटनेटके कपडे घातलेल्या त्या मुलांची स्टेशनमास्तरांनी चौकशी केली. पण जात कळताच त्यांचा चेहरा बदलला आणि ते मागे सरले.

१२/
बाहेर भाड्याच्या गाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान त्या मुलांना घेऊन जायला तयार नव्हता. अखेर तोड निघाली ती अशी: भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बरोबर पायी चालायचे. हा सारा प्रसंग बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात नोंदवला आहे. तिकीट खिशात होते, प्रवास कायदेशीर होता, रेल्वेने वाहून आणले होते. पण फलाट ओलांडला की जुनाच रस्ता सुरू होत होता. ‘रोड’ या शब्दाचा हा दुसरा अर्थ. त्या संध्याकाळी मुले जिथे बसून राहिली, ती जागा म्हणजे आपल्या सामाजिक इतिहासातले एक पान आहे.

१३/
आपल्याकडे स्थानकांवर कला नाही असे नाही. २०१८ मध्ये रेल्वेने स्थानक सुशोभनाची देशव्यापी स्पर्धा घेतली, तेव्हा चंद्रपूर आणि बल्लारशाह या आपल्या दोन स्थानकांना मिळून पहिला क्रमांक आणि दहा लाख रुपयांचे पारितोषिक मिळाले. ताडोबाचे वाघ, जंगल आणि आदिवासी चित्रशैली यांनी तिथल्या भिंती जिवंत केल्या. त्या स्थानिक चित्रकारांच्या कष्टांचे मला मनापासून कौतुक आहे. मळकट भिंतीपेक्षा रंगीत भिंत केव्हाही चांगली.

१४/
तरीही एक भेद लक्षात ठेवावा. ती चित्रे जिल्ह्याविषयी बोलतात, स्थानकाविषयी नाही. तोच वाघ बसस्थानकावर रंगवला तरी तितकाच शोभेल. माढ्याच्या भिंतीवर उद्या निंबाळकरांचा किल्ला आणि माढेश्वरीचे मंदिर रंगवले तर मला आनंदच होईल. पण त्यातून माढ्याची ओळख होईल, माढ्याच्या स्थानकाची नाही. स्थानकाचा इतिहास सांगणाऱ्या कलेला आधी जागेलाच विचारावे लागते: इथे काय घडले? कोण थांबले? कोणाला थांबवले?

१५/
हा प्रश्न जगात सर्वांत कठोरपणे विचारला गेला तो बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड स्थानकावर. तिथल्या १७ क्रमांकाच्या मार्गावरून १९४१ पासून हजारो ज्यू नागरिकांना छळछावण्यांकडे पाठवले गेले. १९९८ मध्ये जर्मन रेल्वेने तिथे स्मारक उभारले. पुतळा नाही, चित्र नाही. फलाटाच्या कडेने १८६ पोलादी पट्ट्या बसवल्या आहेत. प्रत्येक पट्टीवर एका गाडीची तारीख, माणसांची संख्या, कुठून आणि कुठे, एवढेच. रुळांमध्ये उगवलेली झाडे तशीच राहू दिली आहेत, कारण या मार्गावरून पुन्हा कधी गाडी जाणार नाही. पाहणारा मान वर करत नाही, खाली घालतो.

१६/
आमच्या तालुक्यात असे भीषण काही घडले नाही, आणि तुलना करण्याचा हेतूही नाही. शिकायची ती पद्धत. खरी तारीख, खरा आकडा आणि खरी जागा एकत्र आली की वेगळ्या अलंकाराची गरज उरत नाही. मग मी विचार केला, आमच्याकडे खरा आकडा कोणता? उत्तर लगेच सुचले: ७६२ मिलिमीटर.

१७/
अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर, हे बार्शी लाईट रेल्वेच्या दोन रुळांमधले अंतर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला होता. त्याने बार्शी रोड ते बार्शी अशी स्वस्त, अरुंद रेल्वे सुचवली. १८९५ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये गाडी सुरू झाली. त्याची युक्ती साधी होती: कोणत्याही वाहनाच्या एका आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही. मग हलके रूळ, हलके पूल पुरतात आणि खर्च उतरतो. मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला. एकूण लांबी सुमारे ३२५ किलोमीटर झाली. १९५४ मध्ये ही कंपनी सरकारने ताब्यात घेतली.

१८/
या शतकाच्या पहिल्या दशकात मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. काही ठिकाणी तर मार्गच बदलला; नवा लोहमार्ग धाराशिव शहरातून गेला, जुन्याने ते शहर टाळले होते. अरुंद रूळ उखडले गेले. रुंदीकरण आवश्यकच होते, त्याविषयी तक्रार नाही. पण ज्या पिढीने ते रूळ पाहिले ती आता थकत चालली आहे, आणि आमच्या पिढीला ‘बार्शी लाईट’ म्हणजे धावत्या गाडीतून उतरून पुन्हा चढण्याचे विनोद एवढेच ठाऊक आहे.

१९/
म्हणून एका सकाळी मी घराच्या अंगणात मोजपट्टी घेऊन बसले. सारवलेल्या जमिनीवर रांगोळीने दोन समांतर रेघा ओढल्या, ७६२ मिलिमीटर अंतराच्या. त्यांच्या शेजारी आणखी दोन, १,६७६ मिलिमीटर अंतराच्या. ती ब्रॉडगेज. माझी आजी बार्शीकडची. ती ओसरीवरून उठून आली, लहान रेघांच्या मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, “एवढंच व्हय गं रूळ? डबा तर लई मोठा हुता.”

२०/
आजीचे म्हणणे खरे होते. कॅलथ्रॉपचे कौशल्य त्यातच होते; त्याचे डबे रुळांमधल्या अंतराच्या दुपटीहून अधिक रुंद होते. वाचून मला ठाऊक होते ते तिला बसून ठाऊक होते. मग ती त्या रेघांतच बसली आणि बोलू लागली. लग्नानंतरचा पहिला प्रवास, कुर्डुवाडीला लहान गाडीतून उतरून मोठ्या गाडीसाठी रात्रभर काढलेला फलाट, मांडीवर गाठोडे. आणि हमाल. “रातभर पोती वाहत हुते. ह्या गाडीतनं काढायची, त्या गाडीत भरायची. एकाच्या पाठीचं कातडं गेल्यालं मला अजून दिसतंय.”

२१/
रुळांची रुंदी बदलली की डबा पुढे जाऊ शकत नाही. मालाचे प्रत्येक पोते माणसाला उचलून दुसऱ्या गाडीत ठेवावे लागते. ग्रंथांत याला एका शब्दात ‘गेजबदल’ म्हणतात. बार्शी लाईट सुरू झाल्यापासून शतकभर कुर्डुवाडीत तो शब्द माणसांच्या पाठींवरून वाहिला गेला. माझ्या दोन्ही रेघांच्या मध्ये अंगणाची जेमतेम सहा पावले होती. आजीने बोट दाखवले तिथेच मला पहिल्यांदा ते अंतर दिसले. भोर घाटातली तुटलेली रेघ पायांनी जोडली गेली होती, ही पाठींनी.

२२/
आज अनेक स्थानकांचे अमृत भारत योजनेतून नूतनीकरण होत आहे आणि त्यात स्थानिक कला-संस्कृतीला स्थान देण्याचा विचार आहे. ही संधी आहे. भिंती जरूर रंगवाव्यात. पण कुर्डुवाडीच्या फलाटाच्या फरशीत काळ्या दगडाच्या दोन पट्ट्या, अडीच फूट अंतराच्या, बसवता येतील. जवळ तीन साल पुरेत: गाडी कधी आली, कंपनी कधी सरकारची झाली, रूळ कधी निघाले. माढ्याच्या फलाटावर एकच ओळ पुरे: जानेवारी १८६०. प्रवासी तिच्यावरून चालत जातील, बॅग ठेवतील, मुले उड्या मारतील. जमिनीवरच्या इतिहासाला एवढा मान पुरतो.

२३/
तोवर आपण एक करू शकतो. आपापल्या स्थानकाचे नाव तसे का पडले ते शोधा. पहिली गाडी कधी आली ते पाहा. आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला तिथे नेऊन एवढेच विचारा: तुम्ही कुठे उभे होता? जे सांगतील ते तारीख घालून लिहून ठेवा. आठवणीत साल चुकेल, नाव चुकेल. ते कागदपत्रांशी ताडून पाहता येते. पण विचारलेच नाही, तर ताडून पाहायलाही काही उरत नाही.

२४/
त्या दिवशी संध्याकाळी वारा सुटला आणि रांगोळी विस्कटली. मोठ्या रेघा पुसल्या, लहान रेघांचा थोडा भाग राहिला, आजी जिथे बसली होती तिथला. दुसऱ्या दिवशी सडा पडण्याआधी मी वहीत लिहून ठेवले: कुर्डुवाडी, रात्र, दोन गाड्या, मध्ये हमाल. सांगणारी, माझी आजी. मोजमाप, ७६२ मिलिमीटर.